"ताठ बस" न म्हणणारा पोश्चर कोर्स : दहा आठवडे करून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा योगा नाही, फिजिओ नाही, मेडिटेशन पण नाही. पहिल्या तीन आठवड्यांत मला कुणी विचारलं असतं की तुम्ही त्या क्लासमध्ये करता तरी काय, तर खरं उत्तर होतं, खुर्चीतून उठतो आणि परत बसतो. घरच्यांनी यावरून मनसोक्त हसून घेतलंय, तुम्हीही हसून घ्या, मग पुढचं वाचा.

माझं दुखणं चार वर्षांचं. उजव्या खांद्यामागे जे पसरट हाड असतं ना त्याच्या आतल्या कडेला एक गाठ, तिथून वर मानेपर्यंत ओढ, आणि आठवड्यातून दोनदा तरी मानगुटीतून निघून कपाळावर येणारी डोकेदुखी. सुरुवातीला वाटलं उशी चुकली, मग वाटलं गादी, मग वाटलं वय. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये वयाप्रमाणे थोडीफार झीज सोडली तर काही नाही, आणि "काही नाही" ऐकून खरं तर आनंद व्हायला हवा पण मला रडूच आलं कारण काही नाही तर मग हे दुखतंय ते काय. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला क्रॉनिक म्हणतात हेही तिथेच कळलं, म्हणजे मी त्या परीक्षेत केव्हाच पास झालेले.

मग सगळे करतात ते सगळं केलं. खांदे मागे ओढणारा पट्टा घेतला, तो घातला की मी परेडला उभी असल्यासारखी दिसायचे आणि काढला की दहा मिनिटांत पुन्हा पोक. मग पाठीला चिकटवायचं एक यंत्र घेतलं, वाकलं की ते थरथरतं, त्याने एवढंच झालं की दर वेळी दचकून माझे खांदे कानाला लागायचे. मसाज मस्त वाटायचा, दोन दिवस. आणि लहानपणापासून ऐकलेलं "ताठ बस" तर होतंच, ते आता मी स्वतःच स्वतःला दिवसातून पन्नास वेळा म्हणत होते आणि दर वेळी कंबर आत घालून छाती फुगवून बसत होते, पाच मिनिटांत दमून परत ढेपाळत होते.

तर कोर्स असा. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा तासाभराचा ऑनलाइन क्लास, आम्ही आठ जण, रोज ऐकायला वीस मिनिटांची रेकॉर्डिंग्ज आणि मध्ये एकच वन-ऑन-वन सेशन. शिकवणाऱ्या मॅडम आधी डान्सर होत्या, स्वतःची कंबर गेली म्हणून या वाटेला लागलेल्या. त्या जे शिकवतात ती अलेक्झांडर टेक्निक आणि आयडिओकायनेसिस यांची सरमिसळ आहे. नावं जड आहेत, घाबरू नका, प्रकरण त्या मानाने साधं आहे.

अलेक्झांडर हा टास्मानियात १८६९ साली जन्मलेला माणूस, स्टेजवर उतारे म्हणून दाखवायचा आणि त्याचा आवाज बसायचा. आराम केला की आवाज परत यायचा, स्टेजवर गेला की परत जायचा. त्याने म्हटलं म्हणजे मी बोलताना काहीतरी करतोय. मग हा माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःला बघत बसला, एक-दोन दिवस नाही, खूप काळ. त्याला दिसलं की बोलायला तोंड उघडलं की तो डोकं मागे ओढतो, गळा दाबतो आणि तोंडाने श्वास खेचतो. इथपर्यंत ठीक. खरी गंमत पुढे आहे, त्याने ठरवून डोकं पुढे न्यायला सुरुवात केली, त्याला वाटत होतं की जमतंय, आणि आरशात बघितलं तर डोकं मागेच जात होतं. म्हणजे आपल्याला आतून जे सरळ वाटतं ते सरळ असतंच असं नाही. सवयीचं ते सरळ वाटतं.

हे ऐकून मी मान डोलावली आणि मनात म्हटलं बाकीच्यांचं असेल. मग वन-ऑन-वनला मॅडमनी मला मोबाइल बाजूला ठेवून स्वतःचा व्हिडिओ घ्यायला लावला, "आता अगदी मधोमध, सरळ बसा". बसले. व्हिडिओ बघितला तर डोकं डावीकडे कललेलं, उजवा खांदा वर, हनुवटी पुढे. मग त्यांनी सांगत सांगत मला खरोखर मधोमध आणलं आणि शपथ सांगते, मला वाटत होतं मी उजवीकडे पडतेय. चार वर्षं ताठ बस ताठ बस केलं ते मी या तिरक्या पट्टीने मोजत होते.

आता खुर्चीचं सांगते कारण पैसे वसूल झाले असतील तर त्या एका गोष्टीत. पहिल्याच क्लासमध्ये मॅडम म्हणाल्या, एक हात मानगुटीवर ठेवा, कवटी संपते त्याच्या खाली, बोटं हलकी, आणि उठा. उठले. काय जाणवलं? काही नाही. पुन्हा, हळू. काही नाही. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "उठू नका, फक्त उठायचं ठरवा." आणि बोटांखाली काहीतरी टणक झालं. मी अजून जागेवरच, बूड हललेलं नाही, पाय हललेले नाहीत, आणि मानेमागचे स्नायू दोरीसारखे ताठ. नुसत्या विचाराने! मी चार-पाच वेळा करून बघितलं, दर वेळी तेच. मग दिवसभर बघत राहिले तर फोन वाजला की तेच, कुणी हाक मारली की तेच, मेल उघडताना तर मान ताठ अधिक श्वास बंद अशी जोडगोळी. माउस मी असा धरते की सोडला तर पळून जाईल. दात घासताना खांदे वर. कुलपात किल्ली फिरवताना जबडा घट्ट, किल्ली काय दातांनी फिरवायची आहे का.

म्हणजे गाठ कुणी बाहेरून आणून ठेवलेली नव्हती, ती मी दिवसभर थोडी थोडी स्वतःच वळत होते. हे कळल्यावर आधी स्वतःचा राग आला. मग थोडं हायसं पण वाटलं कारण जे मी करतेय ते मी न करणंही शक्य आहे. अलेक्झांडरवाले याला इन्हिबिशन म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही, मी त्याला "थांबा" म्हणते. उठायच्या आधी थांबा. मान मोकळी आहे का बघा. नसली तरी चालेल, बघितलंत ना, आता उठा. बस. व्यायाम संपला.

दुसरी डोळे उघडणारी गोष्ट म्हणजे डोकं मानेवर नेमकं कुठे टेकतं. विचारल्यावर आम्ही आठच्या आठ जणांनी मानेच्या मागे, कॉलरच्या वर कुठेतरी बोट दाखवलं. खरा सांधा बराच वर आहे, दोन कानांच्या मध्ये म्हणा, नाकाच्या मागे. कानांच्या खाली दोन्हीकडे बोटं ठेवा, मध्ये एक आडवी काडी आहे असं समजा आणि त्या काडीवर डोकं अगदी बारीक "हो" म्हणतंय असं करा, इतकं बारीक की समोरच्याला दिसू नये. मी आयुष्यभर अख्खी मान वाकवून होकार देत होते. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते खालून चुकीच्या जागेवरून हलवायचं म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला वजन लावून उचलल्यासारखं. नुसती जागा कळल्यावर मान लांब झाली, मी काहीही "केलं" नव्हतं.

इथून पुढे कल्पनाचित्रांचा भाग सुरू होतो आणि इथे मी सर्वात जास्त नाकं मुरडली. आयडिओकायनेसिसची मुळं अमेरिकेतल्या मेबल एल्सवर्थ टॉड या बाईंच्या कामात आहेत, त्यांचं पुस्तक १९३७ चं, पुढे त्यांच्या शिष्या लुलू स्वाइगार्ड यांनी ते नर्तकांबरोबर वाढवलं. मुद्दा असा की स्नायूला हुकूम देऊन सैल करता येत नाही. "खांदे सैल सोड" म्हटलं की आपण खांदे खाली दाबतो आणि दाबणं हे पण काम करणंच झालं. त्याऐवजी जमिनीवर पाठीवर पडायचं, गुडघे वर, तळवे जमिनीवर, डोक्याखाली एक-दोन पुस्तकं, आणि मनात एक चित्र धरायचं, अमुक जागेपासून तमुक दिशेने काहीतरी चाललंय असं. हलायचं नाही. मदत करायची नाही. चित्राला काम करू द्यायचं. मला हे भोंदूगिरीसारखं वाटलं होतं पण मॅडमनी एडमंड जेकबसनचं उदाहरण दिलं, तोच तो स्नायू क्रमाक्रमाने ताणून सैल सोडायची रिलॅक्सेशनची पद्धत काढणारा डॉक्टर, त्याने माणसांना हात वाकवल्याची नुसती कल्पना करायला सांगितली आणि त्यांच्या दंडाच्या स्नायूत बारीक विद्युत हालचाल मोजली. हात हललेलाच नाही. म्हणजे विचार आणि स्नायू यांची तार जोडलेली आहेच, मानगुटीवर बोट ठेवून तर मी स्वतःच ते बघितलं होतं. तेव्हा गप्प बसले.

सगळी चित्रं लागू पडत नाहीत हे मात्र स्पष्ट सांगते. डोक्यातून सोनेरी प्रकाश खाली झिरपतोय, हे मला जमलं नाही, मला लाइट बिल आठवलं. डोकं फुग्यासारखं तरंगतंय, हे केलं तर मी हनुवटी वर करून मान मागून आणखी दाबायला लागले. पाठीची हाडं मोत्यांच्या माळेसारखी, हे बॅचमधल्या एका काकांना इतकं आवडलं की ते दर क्लासला सांगायचे, मला काही माळ दिसली नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत मी सोडायच्या बेतात होते.

मग टॉवेल आला. मॅडम म्हणाल्या, दोरीवर ओला टॉवेल वाळत घातलाय, जाड, पिळलेला नाही, नुसता टाकलाय. तुम्ही त्याला काही करत नाही. पाणी आपलं आपण खाली निथळतंय. हा टॉवेल म्हणजे तुमचे खांदे आणि दोरी म्हणजे मान... तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यामागे काहीतरी सरकलं. सरकलं म्हणजे काय, तर जमिनीला टेकलं, आधी तो खांदा जमिनीपासून बोटभर वर होता हे मला माहीतच नव्हतं. आणि थोडं दुखलं पण, झोपलेल्या हातात मुंग्या येऊन जीव परत येतो तसं. मी पाच मिनिटं तशीच पडून राहिले आणि डोळ्यातून पाणी, का ते विचारू नका. आता मला टॉवेल बघायलाही लागत नाही, "निथळतंय" एवढा शब्द मनात आला तरी खांदा उतरतो, मीटिंगमध्ये, ट्रॅफिकमध्ये, कुणाला कळत नाही.

कंबरेसाठी मला लागू पडलेलं चित्र जड शेपटाचं. माकडहाडापासून मगरीसारखं लांब, वजनदार शेपूट मागे जमिनीवर पसरलंय, उभं राहताना त्याच्यावर थोडी टेकते. ऐकायला येडपट आहे. पण भांडी घासताना मी जी कंबर आत घालून ओट्याला पोट लावून उभी असायचे ती बंद झाली. जबड्यासाठी चित्रबित्र काही लागलं नाही, फक्त माहिती लागली, तोंड मिटलेलं असताना वरखालचे दात एकमेकांना टेकलेले असायला नकोत, मध्ये बारीक फट असते. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मला हे कळलं. तुमचे आत्ता टेकलेले आहेत का बघा.

पडून राहण्याबद्दल अजून एक. आपण दिवसभरात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटके होतो, मणक्यांमधल्या चकत्या वजनाने थोडं पाणी सोडतात आणि आडवं झालं की परत भरून घेतात, म्हणून दुपारी वीस मिनिटं जमिनीवर पडणं हा आळस नाही हे मी आता घरात छातीठोकपणे सांगू शकते. गादीवर नाही हां, जमिनीवर चटई टाकून. गादी सगळं सामावून घेते, जमीन सांगते कुठे काय वर आहे.

आता तक्रारी.

सर्वात मोठी तक्रार त्यांच्या जाहिरातीबद्दल. नोंदणीच्या पानावर मोठ्या अक्षरात २००८ सालची ब्रिटनमधली ट्रायल टाकलीय, जुनाट कंबरदुखीचे ५७९ पेशंट, आणि २४ धडे घेतलेल्यांचे वर्षभरानंतर दुखण्याचे दिवस चार आठवड्यांमागे १८ नी कमी. ट्रायल खरी आहे, मी शोधून वाचली, बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. पण त्यातले धडे एकेका माणसाला समोरासमोर, शिक्षकाने हात लावून दिलेले होते, आणि इथे आपण आठ जण स्क्रीनवर चौकोनात बसून दहा तास. सहा धडे घेतलेल्यांना त्यात फरक पडला होता, पण कमी, १० दिवसांचा, आणि सहा धड्यांबरोबर व्यायाम सांगितला तर तो फायदा २४ धड्यांच्या जवळपास गेला, ही सगळ्यात कामाची गोष्ट तर पानावर लिहिलेलीच नाही. मानदुखीवरची २०१५ ची ट्रायल पण आहे, ५१७ लोकांची, त्यात या धड्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फरक पडला पण अ‍ॅक्युपंक्चरनेही जवळजवळ तेवढाच पडला. ते सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तरीही आलेच असते. मॅडमना विचारलं तर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या की ऑनलाइन म्हणजे त्याच दर्जाचं नाही आणि पान त्यांनी बनवलेलं नाही. त्यांचं उत्तर पटलं, पान अजून तसंच आहे.

दुसरी, हात लावून शिकवण्याची कमतरता खरंच जाणवते. स्क्रीनवर त्यांना माझी मान दिसते पण ती टणक आहे का मऊ हे कसं कळणार. बॅचमधल्या दोघांना शेवटपर्यंत मानगुटीवरचा तो बदल जाणवलाच नाही, ते नुसते उठत बसत राहिले बिचारे, आणि त्यांच्यासाठी वेगळं काही केलं गेलं नाही. एकच वन-ऑन-वन फारच कमी आहे, तीन तरी हवीत, गरज पडली तर क्लास दोन कमी करा. सातवा आणि आठवा आठवडा तसाही पाणी घातलेला होता, चालणे भाग एक, चालणे भाग दोन.

तिसरी तक्रार कोर्सची नाही, माझ्यासारख्यांची आहे. हुशार विद्यार्थी सिंड्रोम. पहिले काही आठवडे मी हे सगळं इतकं मन लावून करत होते की स्वतःवर पाळत ठेवल्यासारखं झालं, मान मोकळी का, दात टेकले का, श्वास चाललाय का, आणि डोकेदुखी वाढली! मॅडमना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, "दिवसातून तीन ठरलेल्या वेळाच बघा, बाकी विसरा." मी तीन जागा ठरवल्या, खुर्चीतून उठताना, फोन उचलताना, कुलूप उघडताना. तिथून गाडी रुळावर आली. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

फरक किती पडला? मी डायरी ठेवली होती. आधी महिन्यात आठ-नऊ वेळा यायची ती डोकेदुखी शेवटच्या महिन्यात तीनदा आली. गाठ आहे. गेली नाही. पण आधी ती सकाळी अकराला सुरू व्हायची, आता संध्याकाळी, आणि आली की मला साधारण कळतं कशाने आली, त्यामुळे आधी जी धास्ती असायची की आता उद्यापर्यंत काही खरं नाही, ती राहिली नाही. यात कोर्सचा वाटा किती आणि मी त्याच काळात स्क्रीन उंच केली, रोज चालायला लागले त्याचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

कुणी घेऊ नये ते पण लिहिते. हातापायात बधिरपणा, ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, यातलं काहीही असेल तर टॉवेल-बिवेल बाजूला ठेवून आधी डॉक्टर. ज्यांना दोन आठवड्यांत रिझल्ट हवाय त्यांनीही यात पडू नये, चिडचिड होईल. आणि ज्यांना घाम आल्याशिवाय काही केल्यासारखं वाटत नाही त्यांनी तर नकोच.

पाचपैकी चार स्टार. अर्धा त्या नोंदणीच्या पानाचा कापला आणि अर्धा रेकॉर्डिंगमागच्या संगीताचा, कारण माझा खांदा छान निथळत असतो आणि बरोबर बाराव्या मिनिटाला समुद्राची एक लाट इतक्या जोरात फुटते की मान, जबडा, श्वास सगळं पुन्हा पहिल्यापासून. तीनदा मेल केलाय. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलंय.